सनशील्डला मराठीत काय म्हणावं? कवच, ढाल की आणखी काही

सुरंगी:
नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यात शाळेत शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं जेम्स वेब दुर्बिणीची प्रतिकृती करताहेत. आरसा तयार आहे, पुठ्ठ्याचे १८ षटकोन आणि त्यावर सोनेरी कागद. अडलंय ते आरशाखालच्या पतंगाच्या आकाराच्या भल्यामोठ्या पडद्यापाशी, ज्याला सनशील्ड म्हणतात. मराठी बातम्यांत ‘सौरकवच’ वाचलं होतं, मुलांनी चिठ्ठीवर तेच लिहिलं. तर सातवीतली एक मुलगी म्हणते, ‘‘बाई, सौरदिवा उन्हावर चालतो, सौरपंप उन्हावर चालतो. मग हे कवचपण उन्हावर चालतं का?’’ तिचं म्हणणं खोडता येईना. दुसरा शब्द सुचवा.

रातांबा:
मुलीला माझ्याकडून शाबासकी. ‘सौर’ म्हणजे सूर्यासंबंधीचा, हा झाला कोशातला अर्थ. बोलण्यात मात्र ‘सौर’ म्हणजे आता सूर्याच्या ऊर्जेवर चालणारं, हेच डोक्यात येतं. तेव्हा ‘सौर’ काढा. मी तर म्हणतो ‘कवच’ही काढा.

कवच असतं ते अंगाला लागून आणि चहूबाजूंनी. कर्णाचं घ्या नाहीतर वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या कासवाचं. ढाल हातात धरायची असते, ज्या बाजूने वार येतो त्या बाजूला. बाकी अंग उघडंच राहतं. वेबचा पडदा यातलं काय करतो? ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, दुसऱ्या लाग्रांज बिंदूभोवती फिरते, म्हणजे सूर्य-पृथ्वीच्या रेषेत, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या एका ठरावीक जागेभोवती. ही जागा निवडण्याचं एक मोठं कारण असं की तिथून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र कायम साधारण एकाच अंगाला राहतात. उष्णता येणार ती त्याच अंगाने, म्हणून पडदा फक्त तिकडे. आरशाच्या बाजूला काहीही झाकलेलं नाही. ही सरळसरळ ढाल आहे. ‘सूर्यढाल’ म्हणा.

खाडीकाठ:
रातांबाकाका, इतकी चिकित्सा केली तर भाषा चालायची कशी? विमाकवच कुणाच्या अंगाला चिकटून असतं? सुरक्षाकवच म्हणतो तेव्हा कर्ण आठवतो का? कवच म्हणजे आता नुसतं संरक्षण. शब्द एकदा रूढ झाला की मुळाशी जाऊन भांडू नये. आणि तुमच्याच न्यायाने वेबला ‘दुर्बीण’ तरी का म्हणायचं? तिला नळीच नाही. आरसा उघड्यावर उभा आहे.

रातांबा:
दुर्बिणीत नळी कुठे आलीय? फारसीतला ‘दूर’ आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. लांबचं दिसलं की झाली दुर्बीण.

विम्याचं मान्य. तिथे कवच म्हटल्याने कुणाचा गैरसमज होत नाही, इथे होतो. ‘कवच’ वाचणाऱ्या मुलाला वाटेल की दुर्बीण गुंडाळून ठेवलीय. तशी गुंडाळलेली दुर्बीण आहे, पण ती हबल. १९९० साली सोडलेली, २.४ मीटरचा आरसा नळीत, बाहेरून उष्णतारोधक वेष्टन, शिवाय हीटर लावून आरसा सुमारे २१ अंश सेल्सिअसला राखलेला. तिला खुशाल कवच म्हणा. हबल मुख्यतः दृश्य आणि अतिनील प्रकाश बघते, तिला ही ऊब चालते.

वेब बघते अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, तांबड्यापलीकडचा प्रकाश. उबदार वस्तू स्वतःच अवरक्त प्रकाश टाकते, म्हणजे आरसा कोमट राहिला तर दुर्बिणीला आधी स्वतःचाच उजेड दिसणार. म्हणून नुसतं ऊन अडवून भागत नाही, अंगातली उष्णता बाहेरही जायला हवी. चहूकडून झाकलं तर उबाराच धरेल. आरशाची बाजू अवकाशाकडे उघडी आहे म्हणूनच ती निवते. पडद्याच्या उन्हाकडच्या बाजूला सुमारे ८५ अंश, आरशाकडच्या बाजूला उणे २३३. एका उपकरणाला याहूनही गार लागतं, त्याला हेलियमवर चालणारं वेगळं शीतयंत्र आहे, ते त्याला उणे २६६ च्या आसपास नेतं.

या गारव्यातून काय मिळालं त्याचं एकच उदाहरण देतो. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत. त्यातला सर्वांत आतला, आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा, खडकाळ. तो ताऱ्यामागे गेला की दोघांचा मिळून येणारा अवरक्त प्रकाश किंचित उतरतो, एका टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. तेवढी घट मोजून २०२३ साली त्या ग्रहाच्या उजेडाकडच्या बाजूचं तापमान काढलं, सुमारे २३० अंश. त्यावरून त्याला सांगण्यासारखं वातावरण नसावं असा निष्कर्ष निघाला. इतक्या लांबच्या दगडाची धग मोजायची तर स्वतःच्या अंगात धग असून कसं चालेल?

होडीवालो:
इतक्या वाद कित्याक? आमच्या मालवणात इरलां आसा मा! लावणेक वाकलास काय पावस पाठीर घेवचो, पुढसून हात मोकळे. तुमची ती दुर्बीण ऊन पाठीर घेता आणि पुढे काळोखात बघता. माका तरी ह्याच समाजला.

सुरंगी:
होडीवालेभाऊ, वर्गात हे वाचून दाखवलं. अर्ध्या मुलांनी इरलं पाहिलेलंच नाही, आता सगळीकडे प्लास्टिकचे कागद. एकाच्या माळ्यावर आजीचं जुनं निघालं, बांबूच्या कामट्या आणि मध्ये पानं. आणून बाकावर उपडं घातलं आणि मुलं त्याखाली वाकून बघत बसली. लगेच पुढचा प्रश्न आला. इरलं घेऊन माणूस वळला तर पाऊस तोंडावर येतो, मग या दुर्बिणीला वळता येतं का?

खाडीकाठ:
याचं उत्तर मी देतो. वळते, पण जपून. सूर्याच्या दिशेपासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच तिला बघता येतं. त्यापलीकडे झुकली की आरशावर ऊन यायची भीती. त्यामुळे कुठल्याही एका वेळी आकाशाचा साधारण ३९ टक्के भाग तिच्या आवाक्यात असतो. सूर्याभोवती फिरता फिरता पट्टा सरकतो आणि वर्षभरात सगळं आकाश हाताशी येतं. आतल्या अंगाचे बुध-शुक्र मात्र तिला कधीच दिसणार नाहीत.

आणि हो, हे लिहिताना ‘कवच’ बसत नाही हे जाणवलं. कवच घातलेल्याला कुठेही वळता आलं असतं. माझं मत सूर्यढालीला.

चुडत:
मी उशिरा आले. ढालीचं ठरलं असेल तर ‘थर’ आणि ‘पदर’ याचंही ठरवून टाका. बातम्यांत ‘पाच थरांचं’ लिहितात, ते मला खटकतं. थर एकावर एक बसतो, दहीहंडीचा असो की धुळीचा. पदर सुटा असतो. पोळीला पदर सुटले म्हणतो, थर सुटले म्हणत नाही. वेबचे पाचही पापुद्रे एकमेकांपासून सुटे ताणलेले आहेत आणि सगळी करामत त्या सुटेपणातच आहे. मधे निर्वात पोकळी, त्यामुळे एकातून दुसऱ्यात उष्णता सहज जात नाही. शिवाय मध्यभागी पदर जवळजवळ आणि काठाकडे लांब लांब, म्हणजे जी उष्णता आत शिरते ती फटीतून बाजूला निघून जाते. पाचही चिकटले असते तर तो एकच जाड कागद झाला असता. म्हणून ‘पाचपदरी’.

अवांतर: ‘चौपदरी’ म्हटलं की आमच्याकडे लोक आधी महामार्गाची चौकशी करतात आणि मग हसतात. तेवढा धोका पत्करावा लागेल.

रातांबा:
चुडतताई, मान गये. यात एवढीच भर की पदर आहेत कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकचे, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. उन्हाकडचा पदर ०.०५ मिलिमीटर जाड, बाकीचे चार ०.०२५. इथे मुलाम्याला मात्र ‘थर’ म्हणायला हरकत नाही, तो बसलेलाच आहे. उन्हाकडच्या दोन पदरांवर सिलिकॉनचाही मुलामा आहे, म्हणून चित्रांत ती बाजू जांभळट-गुलाबी दिसते. बाईंनी त्या बाजूला रुपेरी कागद लावला असेल तर बदलावा.

सुरंगी:
रुपेरीच लावला होता, बदलतोय! चिठ्ठी अशी लिहिली: ‘सूर्यढाल, पाचपदरी’. खाली बारीक अक्षरांत ‘म्हणजे दुर्बिणीचं इरलं’. ती बारीक ओळ मुलांच्या हट्टामुळे.

आता अडचण शब्दाची नाही. काठाला फट राहावी म्हणून माडाचे हीर कापून मधे लावले, पण मधला भाग लोंबतो आणि पदर एकमेकांना टेकतात.

खाडीकाठ:
टोकांना दोरा बांधून ताण द्या. खऱ्या पडद्यालाही तसाच ताण दिला होता, ९० केबल आणि सुमारे ४०० कप्प्या वापरून. केबलची एकूण लांबीच ४०० मीटरच्या घरात.

होडीवालो:
आणि बाई, पाचय एकदम ओढू नकात, फाटतले. एकेक करून ताणा, उन्हाकडलो पैलो.

खाडीकाठ:
बरोब्बर तोच क्रम. ३ जानेवारी २०२२ ला उन्हाकडच्या पदरापासून सुरुवात केली आणि ४ तारखेला पाचवा ताणून झाला. बाई, दोरा नायलॉनचा घ्या, सुती दोरा ढिला पडतो.