चर्चा: सर्ज टाळायला हवा सोडून द्यायची, की ब्लोअर आवरायचा?

वर्कशॉप_जळगाव:
आमच्या सांडपाणी प्रकल्पातला सेंट्रिफ्युगल ब्लोअर ५ मीटर पाण्याखाली हवा देतो. मे लागला की दुपारी धापा टाकतो. भक्‌भक्‌ आवाज, अँपिअरचा काटा नाचतो, सक्शन फिल्टरमधून हवा उलटी येते. म्हणजे सर्ज, हवेचा प्रवाह कमी पडून मागे-पुढे हेलकावणं. उपाय काय, तर ब्लो-ऑफ वाल्व्ह महिनाभर अर्धा उघडा. वीज जाळून दाबलेली हवा उन्हात सोडायची! माझं ठाम मत: व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा, वेग उतरवा. वीज वेगाच्या घनाने वाचते.

तापीकाठचा_फिटर:
भाऊ, असं करू नका. घनाचा हिशोब नुसत्या घर्षणाविरुद्ध चालणाऱ्या पंख्याचा. तुमच्यावर ५ मीटर पाण्याचं ओझं आहे, साधारण ०.४९ बार. वेग कमी केल्याने ते हलकं होत नाही. वेग १० टक्के उतरवला की ब्लोअरचा दाब १९ टक्के पडतो. मग पाणी रेटायला जोर उरत नाही आणि हवा मागे फिरते. सर्ज तुम्हीच ओढवून घ्याल.

धुळेकर:
दुपारीच का होतं ते बघा ना. जानेवारीतल्या पहाटेच्या १२ अंशांच्या हवेपेक्षा आपली ४५ अंशांची हवा १० टक्के हलकी. त्याच वेगाला दाबही तेवढाच कमी. व्हीएफडी हवाच, पण उन्हाळ्यात वेग वाढवायला, मोटर झेपेल तेवढा.

वर्कशॉप_जळगाव:
फिटरदादा, ओझ्याचं पटलं, चुकलं माझं. पण अर्धा वाल्व्ह तरीही योग्य नाही. सक्शनला गाइड व्हेन (हवा वळवणारी पाती) बसवा: हवा आत शिरतानाच इम्पेलर (ब्लोअरचं फिरतं चाक) फिरतो त्याच दिशेने वळते, म्हणून ब्लोअर कमी हवेवरही स्थिर चालतो. आणि वाल्व्ह फ्लो मोजून आपोआप उघडणारा घ्या.

निवृत्त_चार्जमन:
आपोआप म्हणणं सोपं आहे. ॲक्च्युएटर (वाल्व्ह हलवणारं यंत्र) मंद असला तर वाल्व्ह उघडेपर्यंत थ्रस्ट बेअरिंगने (शाफ्टचा लांबीच्या दिशेचा रेटा झेलणाऱ्या बेअरिंगने) धक्के खाल्लेले असतात. तसं बेअरिंग मी हातात घेतलंय, आतला पांढऱ्या धातूचा थर पुसून गेला होता. सर्जच्या रेषेपासून (ज्या प्रवाहाखाली सर्ज सुरू होतो तिथून) १० टक्के दूर राहायची रीत उगाच पडलेली नाही. १९८९ साली एपस्टीन, फाउक्स विल्यम्स आणि ग्रीट्झर या संशोधकांनी सर्जची लाट लहान असतानाच उलट लाटेने दाबायची कल्पना मांडली. सुंदर कल्पना! पण तुम्हाला आधी चपळ वाल्व्ह लागेल.

धुळेकर:
टाकीतले डिफ्युझर (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या चकत्या किंवा नळ्या) कधी धुतले होते? हेडरला, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपला, दाब किती?

वर्कशॉप_जळगाव:
२ वर्षं झाली. गेज ०.५८ बार दाखवतो.

तापीकाठचा_फिटर:
म्हणजे ०.०९ बार पाइप आणि चोंदलेल्या डिफ्युझरमध्ये जातोय. आधी ते धुवा. तोवर वाल्व्हला हात लावू नका.