ठोकून दिलेली मतं आणि नंतरचं निस्तरणं : तुमचे अनुभव सांगा

मंडळी,

विज्ञानाची, तंत्रज्ञानाची नाहीतर एखाद्या निकालाची बातमी आली की अर्ध्या तासात आपलं मत तयार असतं. माझंही असतं. पण त्या मताचं पुढे काय झालं, हे कुणी सांगताना दिसत नाही. मत चारचौघांत द्यायचं आणि माघार गुपचूप घ्यायची, असाच रिवाज आहे. इथे उलटं करू या. अट एकच : फजिती स्वतःची हवी, शेजाऱ्याची नको. बरोबर ठरला असाल तर तेही लिहा, पण थोडक्यात.

सुरुवात माझ्यापासून. जुलै २०२३. दक्षिण कोरियातल्या एका गटाने दावा केला की एलके-९९ नावाचा शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा पदार्थ नेहमीच्या तापमानालाच काय, १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहतो. म्हणजे विजेला रोध शून्य. अतिवाहक पदार्थ चुंबकावर तरंगू शकतो, म्हणून पुराव्याला सोबत व्हिडिओ : चुंबकावर तरंगणारा काळा खडा. मी तो किती वेळा पाहिला असेन याला गणती नाही. घरी, कचेरीत, जिन्यात भेटेल त्याला 'आता विजेच्या तारांमधली गळती संपली' असं सांगत सुटलो. एकाने शंका काढली तर त्याला म्हणालो, 'विमानालाही लोक हसले होते.' (हे वाक्य आपल्या तोंडून निघालं की समजावं, मुद्दे संपलेत.)

मग भाची आली. सातवीतली. तिने एकदाच पाहिलं आणि विचारलं, "मामा, याचा एक कोपरा खाली टेकलाय ना?"

टेकलेलाच होता. इतक्या वेळा पाहूनही मला तो दिसला नव्हता, कारण मला तरंगणंच बघायचं होतं. पुढच्या तीनेक आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी पदार्थ बनवून पाहिला. रोध एकदम घसरल्यासारखा दिसत होता तो भेसळीतल्या कॉपर सल्फाइडमुळे. साधारण १०४ अंशांना त्याची रचना बदलते. आणि ते अर्धवट तरंगणं साध्या चुंबकत्वाचं होतं. जिन्यातल्या माणसाने नंतर एकदा फक्त भुवया उंचावल्या. तेवढं पुरलं.

आता तुम्ही.

काळा डगला

वकिलीत पंचवीस वर्षं झाली. माझ्या धंद्यातल्या बातम्यांवर लोक काय बोलतात ते ऐकून आता रक्तदाब वाढत नाही. सुनावणीत न्यायमूर्ती वकिलाला एक खोचक प्रश्न विचारतात आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो, 'न्यायालयाने फटकारले'. अहो, तो प्रश्न आहे. उलट बाजूच्या वकिलालाही दुपारी तसाच प्रश्न विचारला जातो, त्याचा मथळा होत नाही. निकाल म्हणजे सही झालेला कागद. तसंच नोटिशीचं. नोटीस काढली म्हणजे 'तुमचं म्हणणं काय ते सांगा' इतकंच. लोक मात्र पेढे वाटायच्या तयारीत.

पण अट स्वतःच्या फजितीची आहे, म्हणून सांगतो. अमेरिकेतला तो कॉफीचा खटला तुम्ही ऐकला असेल : बाईंच्या अंगावर कॉफी सांडली आणि त्यांनी लाखो डॉलर उपटले. हा विनोद मी ज्युनियर मुलांना निदान दहा वर्षं सांगितला. 'कायद्याचा अतिरेक कसा होतो पाहा' म्हणून. एका मुलीने खटल्याचा तपशील काढून टेबलावर ठेवला आणि काही न बोलता गेली.

लीबेक विरुद्ध मॅकडोनाल्ड्स. घटना १९९२ ची. बाई ७९ वर्षांच्या. गाडी उभी होती, आणि त्या चालवतही नव्हत्या, शेजारच्या सीटवर होत्या. कॉफी ८२ ते ८८ अंशांच्या आसपास ठेवायची कंपनीची पद्धत. भाजणं तिसऱ्या श्रेणीचं, त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी आधी मागितले सुमारे २०,००० डॉलर, कंपनीने देऊ केले ८००. भाजल्याच्या सातशेहून जास्त तक्रारी कंपनीकडे आधीच होत्या. ज्युरीने बाईंचीही २० टक्के चूक धरली. २७ लाखांचा जो दंड सगळ्यांच्या लक्षात राहिला, तो न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर आणला आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. आणि मी शिकवत होतो.

कोबोलआजी

माझी गोष्ट जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

१९९७ ते ९९ मी वायटूकेचं काम केलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत ठेवलेलं असायचं, म्हणजे २००० उजाडलं की '००'. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ती दोन आकड्यांची जागा कुठे कुठे लपली आहे ते शोधण्यातच जीव जायचा. रुंद कागदावरचे गठ्ठे, हातात पेन्सिल. सगळीकडे 'वर्ष' असं नाव थोडंच दिलेलं असतं? एका ठिकाणी 'टेम्प-२' मध्ये वर्ष होतं. लिहिणारा केव्हाच निवृत्त झालेला.

एक चूक अजून डोळ्यांसमोर आहे. वय काढताना चालू वर्षातून जन्मवर्ष वजा व्हायचं. जन्म १९३५ चा, तर ०० वजा ३५ म्हणजे उणे ३५. पण उत्तर ज्या जागेत जायचं तिथे उणे चिन्हाची सोयच नव्हती. मशीन चिन्ह गाळायचं आणि ३५ छापायचं. पासष्ट वर्षांचा निवृत्त माणूस कागदावर पस्तिशीचा! खरी गंमत पुढे. आमच्या एका सहकाऱ्याने चाचणीला १९५० चा जन्म घेतला. ०० वजा ५०, चिन्ह गळालं, उत्तर ५०. अगदी बरोबर. 'पास' असा शेरा मारून तो घरी गेला. योगायोगाने दुसऱ्या दिवशी मी दुसरा माणूस घेतला म्हणून सापडलं.

त्यात २००० हे लीप वर्ष, कारण ४०० ने भाग जातो. काही प्रोग्रॅमना शंभराचा नियम माहीत होता, चारशेचा नाही. म्हणजे २९ फेब्रुवारीची वेगळी चाचणी.

१ जानेवारीला काही कोसळलं नाही. आणि आठवड्याभरात सगळे म्हणायला लागले, 'थोतांड होतं. कंपन्यांनी पैसे काढले.' माझ्या सख्ख्या दिरांनी मला तोंडावर सांगितलं. तीन वर्षं रात्री जागून काढल्यावर ते ऐकणं... असो.

आता फजिती. काही वर्षांनी टीव्हीवर पर्यावरणाची कुठलीशी बातमी चालू होती आणि मी म्हणाले, "मागे ते ओझोनच्या भोकाचं केवढं बोंबललेत. कुठे गेलं ते भोक? थोतांड सगळं." मुलगा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, तू काकांसारखं बोलतेयस."

मग शोधलं. १९८७ चा मॉन्ट्रियल करार, त्यातून फ्रिजमध्ये आणि फवाऱ्यांच्या डब्यांत वापरले जाणारे सीएफसी वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले, म्हणून ओझोनचा थर हळूहळू सावरतोय. तिथेही कुणीतरी गठ्ठे चाळत बसलं होतंच की.

उगाचच

कोबोलआजी, दंडवत. १९५० वालं वाचून खुर्चीत उठून बसलो.

माझं छोटं. जून २०२३ मध्ये माटा विरुद्ध अवियांका प्रकरणात अमेरिकेतल्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला, कारण त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात दाखवले होते. त्यातल्या एकाने तर हे निकाल खरे आहेत का, ते त्या चॅटजीपीटीलाच विचारलं होतं! मी पोट धरून हसलो, 'चोराला चावी' वगैरे लिहिलं. महिनाभराने असाच एक एआय वापरून मी कोड लिहिला. त्यात एक फंक्शन असं सुरेख, नेमकं मला हवं तसं. चालेना. दोन तास माझीच सेटिंग तपासली. मग त्यालाच विचारलं, 'हे फंक्शन खरंच आहे ना?' तो म्हणाला, हो.

विचारून झाल्यावर कळलं मी काय केलं ते.

खडूफळा

भूगोल शिकवते. ऑगस्ट २००६ मध्ये प्रागच्या सभेत खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, तेव्हा मी वर्गात तावातावाने बोलले होते. विज्ञान कधी हात वर करून ठरतं का, वगैरे. मुलं खूश, कारण बाई चिडल्या की पाठ होत नाही.

माझी चूक मला सीरीसने दाखवली, म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गोलाने. १८०१ मध्ये ते सापडलं तेव्हा ग्रहच म्हणत होते त्याला. मग त्याच पट्ट्यात आणखी सापडत गेले आणि यादी आटोक्यात राहीना, म्हणून त्यांना लघुग्रह म्हणायचं ठरलं. प्लूटोचंही तेच. २००५ मध्ये एरिस सापडल्याची घोषणा झाली, त्याचं वस्तुमान प्लूटोहून जास्त. मग एरिस दहावा म्हणायचा, की दोघांना वेगळं बसवायचं? मतदान आकाशावर नव्हतं, शब्दावर होतं. शब्द माणसांनीच ठरवायचे असतात.

व्याख्या मला अजून पटत नाही, ते वेगळं. 'कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा' म्हणजे नक्की किती मोकळा?

साखरझोप

आईला मधुमेह. जुलै २०२३ मध्ये बातमी आली : अ‍ॅस्पार्टेममुळे कर्करोग होऊ शकतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेचा इशारा. मी त्याच संध्याकाळी तिच्या साखरेऐवजी वापरायच्या गोळ्यांची डबी कचऱ्यात टाकली आणि घरच्यांना संदेश पाठवले. तीन उद्गारचिन्हांसकट.

आई काही बोलली नाही. आठवड्याने तिची साखर वाढलेली निघाली. गोळ्या नाहीत म्हणून ती चहात साखर घालत होती. अर्धाच चमचा, म्हणाली.

बातमी पूर्ण वाचली ती त्यानंतर. त्या संस्थेने अ‍ॅस्पार्टेम '२ब' गटात टाकलं होतं, म्हणजे पुरावा तोकडा आहे, शक्यता नाकारता येत नाही, एवढंच. पुरावा किती भक्कम ते त्या गटावरून कळतं, धोका किती मोठा ते नाही. आणि त्याच दिवशी तज्ज्ञांच्या दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा होती तीच कायम ठेवली होती : शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायची तर डाएट शीतपेयाचे दिवसाला नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील, असा त्यांचाच हिशोब. दोन्ही गोष्टी एकाच बातमीत होत्या. दुसरी खाली होती.

डबी नवी आणून दिली. संदेश मात्र अजून फिरतोय. परवा मलाच परत आला.

प्रयोगवही

सगळे माना खाली घालून बसलेत म्हणून जरा उलटं लिहिते. तडकाफडकी दिलेलं मत नेहमी चुकतंच असं नाही.

डिसेंबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातल्या एका जिवाणूवर शोधनिबंध आला. दावा असा, की तो फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून थेट डीएनए बनवतो. नासाची पत्रकार परिषद, सगळीकडे जल्लोष. मी तेव्हा विद्यार्थिनी. मीही जल्लोषात. काही दिवसांतच कॅनडातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफील्ड यांनी त्यावर सडेतोड लिहिलं : डीएनए नीट धुतलेलं नाही, आणि वाढीच्या द्रावणात अशुद्धी म्हणून जो फॉस्फेट उरला होता तेवढ्यावर जिवाणू जगू शकतो. आमच्या प्रयोगशाळेत लोक म्हणाले, काय ही घाई, रीतसर पत्र लिहावं ना नियतकालिकाला. मीही मान डोलावली.

पण त्या बोलून थांबल्या नाहीत. तोच जिवाणू मागवून प्रयोग केला, निकाल मिळत गेले तसे सगळ्यांसमोर मांडले आणि २०१२ मध्ये त्याच नियतकालिकात खंडन छापून आलं. मूळ निबंध मागे घ्यायला मात्र जुलै २०२५ उजाडलं, तोही मूळ लेखकांचा विरोध असताना. साडेचौदा वर्षं.

'जरा धीर धरा' म्हणणाऱ्यांत मी होते. माझी फजिती ती.

काळा डगला

प्रयोगवही, हे मान्य. पण त्यांनी निबंध वाचून मत दिलं होतं. आम्ही मथळा वाचून देतो.

प्रयोगवही

अर्धं मान्य. निबंध तर मीही वाचला होता!

कोबोलआजी

मुलाने विचारलंय म्हणून जाता जाता. बऱ्याच जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, आणि ३२ बिटांच्या जागेत ते १९ जानेवारी २०३८ ला मावेनासे होतात. दुरुस्त्या कधीपासून चालू आहेत. त्या दिवशी काही कोसळलं नाही तर माझ्या दिरांना कुणीतरी आवरा.