प्रदेशाचा वाहतूक आराखडा: आधी गाड्या बदलायच्या की किलोमीटर कमी करायचे? (चर्चेचा धागा)

उलटमोजणी

कार्बन कमी करण्याचे प्रादेशिक वाहतूक आराखडे चाळले की एक सवय दिसते. शेवटच्या पानावर २०५० आणि शून्य, आणि तिथपर्यंतची रेघ मनाला येईल तशी ओढलेली. माझं भांडण त्या रेघेशी आहे. समजा, एका प्रदेशाच्या वाहतुकीतून आज वर्षाला १०० एकक कार्बन हवेत जातो. २५ वर्षांत सरळ उतरत शून्यावर आलो तर एकूण १,२५० एकक जातात. पहिली १५ वर्षं तसंच चालू ठेवून शेवटच्या दहांत धावतपळत उतरलो तर २,०००. दोघेही ठरल्या तारखेला शून्यावर, दोघांनाही हारतुरे. दुसऱ्याने ६० टक्के जास्त ओकलं ते कुणी विचारत नाही.

यात गाड्यांचं आयुष्य आडवं येतं. नॉर्वेमध्ये २०२४ साली विकलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळपास नऊ विजेवरच्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात नोंदणीतल्या सगळ्या, म्हणजे सुमारे २८ लाख मोटारी मोजल्या, तर विजेच्या ७,५४,३०३ आणि पेट्रोलच्या ७,५३,९०५. पेट्रोलला कसंबसं मागे टाकलं, डिझेल तेव्हाही पुढेच होतं. आणि तिथे करसवलती १९९०च्या दशकापासून आहेत! म्हणून येत्या दहा वर्षांसाठी मोटारी आणि ट्रक यांचे वाहन-किलोमीटर, म्हणजे सगळ्या गाड्या मिळून जेवढं अंतर धावतात ते, कमी करणं हेच आराखड्याचं पहिलं लक्ष्य हवं. गाड्या बदलणं चालू राहूद्या, पण त्यावर सगळी भिस्त नको.

सडेतोड

कागदावर झकास. स्कॉटलंडने २०२० मध्ये नेमकं हेच ठरवलं होतं: २०३० पर्यंत मोटारींचे किलोमीटर २० टक्क्यांनी खाली. २०२५ मध्ये ते लक्ष्य गुंडाळून ठेवलं. लक्झेंबर्गने २०२० पासून देशभर बस, ट्राम, रेल्वे फुकट केली, तरी मोटारींच्या रांगा आहेत तिथेच आहेत. तिकीट फुकट झालं की कालपर्यंत पायी जाणारा बसमध्ये चढतो, मोटारवाला मोटारीतच राहतो.

याउलट चीनमधलं शेन्झेन शहर बघा. २०१७ संपेपर्यंत १६ हजारांवर बस विजेवर आणल्या. मार्ग तेच, थांबे तेच. प्रवाशांची सवय बदलायला एक भाषणही द्यावं लागलं नाही. माणसं बदलण्यापेक्षा इंजिन बदलणं सोपं, माझा पैसा तिकडे.

उलटमोजणी

सडेतोड, फुकट तिकीट हा वेगळा विषय आहे. मोटार चालवणं आहे तेवढंच स्वस्त ठेवून तिकीट माफ केलं तर तुम्ही म्हणता तसंच होणार. स्वीडनच्या स्टॉकहोमने उलट टोक धरलं. २००६ च्या जानेवारीपासून शहरात शिरणाऱ्या-निघणाऱ्या मोटारींवर शुल्क लावलं, आधी सात महिने फक्त चाचणी म्हणून. हद्दीवरची वाहतूक सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. चाचणी संपली तशी गर्दी परत वाढली. ऑगस्ट २००७ मध्ये शुल्क कायम केलं आणि ती पुन्हा उतरली. आधी लोक विरोधात होते, नंतर बहुमत बाजूने झालं. यात कुणाचं मन वळवलं? फक्त पावती दाखवली.

शेवटचा थांबा

तुम्हा दोघांचे शेवटचे दाखले शहरांचे, आणि धाग्याचं नाव मात्र ‘प्रदेश’! प्रदेशात विरळ वस्तीही येते. माझ्याकडे शेवटची बस संध्याकाळी सातला जाते आणि माझी पाळी सुटते साडेसातला. किलोमीटर कमी करा म्हणजे मी नेमकं काय करायचं, नोकरी सोडायची?

फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकीटं घातलेले आंदोलक रस्त्यावर उतरले ते इंधनावरच्या वाढीव करावरून. त्यात कितीतरी लोक असे होते ज्यांना मोटारीशिवाय गत नाही. महिनाभरात सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. सगळ्या प्रदेशाला एकच टक्केवारी लावली की असंच होतं. दाट वस्तीत किलोमीटर कमी करा, कारण तिथे दुसरी सोय असते. दोन गावांना जोडणाऱ्या मुख्य मार्गावर आधी बसच्या फेऱ्या वाढवा, शुल्काचं नंतर बघा. आणि आमच्यासारख्या ठिकाणी विजेची गाडी आधी पोचू द्या, कारण आम्हीच सगळ्यात जास्त अंतर कापतो आणि आमच्याच गाड्या सगळ्यात जुन्या आहेत.

सडेतोड

+१. शेवटच्या वाक्यावर तर +२.

मालवाहू

इतका वेळ एकानेही मालाचं नाव काढलं नाही. वाहतुकीच्या चर्चेत हे नेहमीचंच, कारण खोका मतदान करत नाही.

उलटमोजणी यांनी मोटारी आणि ट्रक एका दमात घेतले, तिथेच गडबड आहे. माणूस घरून काम करू शकतो, सिमेंट करू शकत नाही. मालाचे टन-किलोमीटर, म्हणजे किती टन माल किती लांब गेला ते, कारखाना कुठे आणि गोदाम कुठे यावर ठरतात, आणि ते ठरवणारं खातं बहुतेक ठिकाणी वाहतुकीचं नसतंच. आमच्या हातात दोनच गोष्टी. एक, रिकाम्या फेऱ्या. युरोपीय संघात ट्रक जेवढे किलोमीटर धावतात त्यातले साधारण पाचवा हिस्सा रिकामे असतात. परतीचा माल जुळवता आला तर तेवढं डिझेल आजच वाचतं, नवं तंत्रज्ञान लागत नाही. मात्र दूध नेणारी टाकी परतताना रसायन आणू शकत नाही, त्यामुळे हा आकडा शून्यावर येईल असं कुणी मनात आणू नये.

दुसरी म्हणजे विजेचा ट्रक. चाळीस टनी गाडी किलोमीटरला साधारण सव्वा युनिट खाते. रोज ३०० किलोमीटर धावणाऱ्या २० गाड्यांचा डेपो धरा: ७,५०० युनिट. रात्रीच्या आठ तासांत भरायचं तर जवळपास एक मेगावॉटची जोडणी लागते. ट्रक काही महिन्यांत हातात पडतो. जोडणीसाठी उपकेंद्र वाढवायचं असेल तर वर्षं जातात. त्यामुळे मालाचा खरा आराखडा वीज कंपनीच्या कपाटात असतो आणि वाहतूकवाल्यांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो.

रुळावरचा

आणि रेल्वे? स्वित्झर्लंडने २००१ पासून जड वाहनांवर किलोमीटर आणि वजन यांच्या हिशोबाने शुल्क लावलं, त्या पैशाचा मोठा भाग रुळांवर घातला, २०१६ मध्ये डोंगराच्या तळातून जाणारा ५७ किलोमीटरचा गोटहार्ड रेल्वेबोगदा उघडला. आल्प्स ओलांडणारे ट्रक २००० साली १४ लाखांवर होते, आता दहा लाखांच्या आत आहेत. तिथे आल्प्सपारचा सुमारे ७० टक्के माल रुळावरून जातो. पोलादाच्या रुळावर पोलादाचं चाक, घर्षण नाममात्र. याला तोड नाही.

मालवाहू

रुळावरचा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. बोगदा उघडल्यावर दोन वर्षांत ट्रक साडेसहा लाखांवर आणायचे असं त्यांच्या कायद्यात होतं. ते आजवर जमलेलं नाही. कारण बोगदा त्यांचा, पण त्याला जोडणारा ऱ्हाइन खोऱ्यातला मार्ग जर्मनीतला, आणि त्याची क्षमता वाढवायचं काम रेंगाळलेलं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच मार्गावर जर्मनीतल्या राश्टाटला नव्या बोगद्याचं काम चालू असताना वरचा चालू रूळ खचला आणि उत्तर-दक्षिण मालवाहतुकीचा मुख्य मार्ग सात आठवडे बंद पडला. वळवायला पुरेसा दुसरा मार्ग नव्हता. शेजाऱ्याचा रूळ तुमच्या आराखड्यात येत नाही, पण तुमचा आराखडा त्याच रुळावर उभा असतो.

अजून एक. अनेक देशांत रेल्वेचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कोळसा. तो बंद करायचा हे तर ठरलेलंच. मग रेल्वेला खोकी, फळं, फर्निचर असा हलका आणि घाईचा माल मिळवावा लागेल, आणि त्याच मालात ट्रक तिला आजवर हरवत आला आहे. ‘रुळाचा वाटा दुप्पट’ लिहिणाऱ्यांनी आधी कोळसा वजा करून बघावा.

उलटमोजणी

मालाबाबत माघार घेतो. ट्रकसाठी वाहन-किलोमीटर हे पहिलं लक्ष्य चुकीचं, रिकाम्या फेऱ्या आणि वीजजोडणी आधी हव्यात. विरळ वस्तीबद्दलही शेवटचा थांबा यांचं पटलं. दाट भागातल्या मोटारींबाबत मात्र जागचा हलत नाही.

एक शंका राहते. जो ट्रक प्रदेशात थांबत नाही, नुसता आरपार जातो, त्याचा कार्बन कुणाच्या खात्यात?

मालवाहू

देशांच्या हिशोबात जिथे डिझेल विकलं गेलं तिथे. म्हणून लक्झेंबर्गचा आकडा वर्षानुवर्षं फुगलेला. कर कमी, इंधन शेजाऱ्यांपेक्षा स्वस्त, त्यामुळे आरपार जाणारे ट्रक तिथे टाकी भरतात आणि ते डिझेल जळतं भलतीकडेच. त्यांनी उद्या कर वाढवला तर त्यांचा आकडा झटक्यात सुधारेल आणि ट्रक तेवढेच धावतील. प्रदेशाने तरी विक्री न धरता आपल्या रस्त्यावरचे किलोमीटर मोजावेत, आरपारची वाहतूक वेगळ्या रकान्यात.

सडेतोड

म्हणजे लक्झेंबर्ग मी आणलं आणि घेऊन गेले तुम्ही. असो. शेन्झेन सोडत नाही.