व्हीव्हीटीचा कनेक्टर काढणाऱ्यांनो, जरा थांबा

टॅपेट:
व्हीव्हीटी म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ गरजेप्रमाणे बदलणारी यंत्रणा; सोलेनॉइड हा तिचा ऑइल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह. परवा इथेच एकाने ठोकून दिलं: "व्हीव्हीटी म्हणजे गाडी खपवायचं बिरूद. सोलेनॉइडचा कनेक्टर काढून फिरतोय, काडीचा फरक नाही. जाड ऑइल घाला आणि निवांत राहा." सोडून दिलं असतं, पण खाली "मीही काढतो" म्हणणाऱ्यांची रांग लागली.

अहो, कनेक्टर काढला की फेझर, म्हणजे कॅम पुढेमागे फिरवणारा भाग, पिन लागून मूळ जागी बसतो, इनटेक व्हॉल्व्ह उघडणारा कॅम कायमचा रिटार्ड, म्हणजे मागे. आयडलला तीच जागा हवी असते, ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे) नको म्हणून. मग सिग्नलला गाडी शांतच वाटणार! दोन हजार आरपीएमला भरल्या गाडीने चढ घेऊन बघा. एरवी तिथे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सोलेनॉइडला पल्स देऊन ऑइल अ‍ॅडव्हान्सच्या कप्प्यात सोडतो, कॅम पुढे सरकतो, इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि आत घेतलेली हवा पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलत नाही. टॉर्क येतो तो तिथून. हलक्या लोडला थोडा जळका वायू आतच ठेवून नॉक्स (धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं) कमी करतात, ते वेगळंच. आणि तो चेक इंजिनचा पिवळा दिवा? त्यावर स्टिकर चिकटवलाय का?

निवांत_ड्रायव्हर:
तो मीच. दिवा आहे, असू दे. पीयूसी पास झाली. आमच्या मारुती ८०० ला कुठलं आलं होतं व्हीव्हीटी? आंबेनळी चढायचीच ना, पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन.

टॅपेट:
पीयूसीत पेट्रोल गाडीचा नॉक्स मोजतच नाहीत. आणि ८०० चढायची, पहिल्या गिअरमध्ये, एसी बंद करून.

व्हीटेक_भक्त:
खरी मजा होंडाच्या व्हीटेकची. १९८९ मध्ये इंटेग्रात आलं, आपल्याकडे जुन्या सिटीत. नुसता कॅम मागेपुढे करण्यात काय ते कौतुक!

टॅपेट:
ते लोब (कॅमचा उंचवटा) बदलतं, म्हणजे लिफ्ट आणि ड्युरेशन, व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडतो ते. इथे फेझिंगचं, म्हणजे कधी उघडतो त्याचं चाललंय. वेगळा धागा काढा.

वऱ्हाडी_ठेचा:
ऑइलचं बोला. जाड ऑइल नको, पुण्यात बसून ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल सांगणं सोपं आहे. मे महिन्यात चंद्रपुरात या, ४६ अंशात ते ऑइल म्हणजे निव्वळ पाणी. मी जाड २०डब्ल्यू-५० च टाकतो, इंजिन ठणठणीत.

टॅपेट:
बाहेर ४६ असो की १६, थर्मोस्टॅट कूलंट नव्वदच्या आसपासच ठेवतो. फेझर ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळी थंड इंजिनात तुमचं ते जाड ऑइल बारीक वाटांतून सरकायलाच वेळ लागतो, कॅम मागे पडतो आणि ईसीयू एरर टाकतो.

वऱ्हाडी_ठेचा:
वीस वर्षं गाड्या चालवतोय, शाळा नका घेऊ. तुमचा थर्मोस्टॅट ट्रॅफिकमध्ये फॅन बंद पडल्यावर काय दिवे लावतो ते पाहिलंय.

टॅपेट:
फॅन बंद पडला तर फॅन बदला. ऑइलला काय शिक्षा?

काळी_जाळी:
भांडा तुम्ही. माझ्या गाडीला पी००११ हा कॅमच्या टायमिंगचा एरर कोड आला, आयडलला थरथरायची. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे फेझर, चेन सगळं बदला. कोटेशन बघून घाम फुटला. गल्लीतल्या मेकॅनिकने एक बोल्ट काढून ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे तोच सोलेनॉइड, हातात दिला. नखाएवढ्या जाळीवर डांबरासारखा गाळ. धुतली, लावली, कोड परत आला नाही. आधीच्या मालकाने ऑइल बदलायचे पैसे वाचवले होते, दुसरं काय!

निवांत_ड्रायव्हर:
म्हणजे सर्व्हिस सेंटरवाले लुटतात, हे माझंच म्हणणं झालं ना? मला एकदा गॅरंटीत असलेली बॅटरी विकत घ्यायला लावली होती.

टॅपेट:
बॅटरीचा इथे काय संबंध?

वऱ्हाडी_ठेचा:
आहे संबंध. सगळे एकाच माळेचे मणी. बाकी मॅन्युअल काढून बघितलं. तापमानानुसार ग्रेडचा तक्ता आहे, त्यात ५डब्ल्यू-३० पण चालतं. म्हणजे ०डब्ल्यू-२० ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही.

टॅपेट:
तक्त्यातलं काहीही घाला, माझी हरकत नाही. त्यात २०डब्ल्यू-५० दिसलं का?

वऱ्हाडी_ठेचा:
चष्मा घरी राहिलाय.

निवांत_ड्रायव्हर:
बरं, लावतो कनेक्टर, तुमच्या समाधानासाठी. ८०० बद्दल बोललात ते मात्र मागे घ्या. आणि ती जाळी कार्ब क्लीनरने धुवायची की पेट्रोलने?