मदत हवी आहे : आवाज न करणारा, नजर न गुंतवणारा हाताचा चाळा

नमस्कार. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. माझा मुलगा चौथीत असून त्याला एडीएचडी (लक्ष टिकत नाही आणि चंचलता जास्त असते, अशी अवस्था) असल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. वर्गात ऐकताना त्याच्या हातांना सतत काहीतरी लागते. काही मिळाले नाही, तर तो खोडरबराचा चुरा करतो किंवा शर्टाची कॉलर चावतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी फिजेट टॉय, म्हणजे हातांना चाळा म्हणून द्यायचे छोटे खेळणे, देऊन पाहण्यास सुचवले आणि मला ते लगेच पटले, कारण माझ्या सासूबाई प्रवचन ऐकताना वाती वळत असतात, तरी त्यांच्या कानांतून एक शब्द सुटत नाही.

अडचण आहे ती वस्तू निवडण्याची. २०१७ मध्ये ज्यांची लाट आली होती, त्यांपैकी एक स्पिनर (बोटांत धरून गरगर फिरवायची चकती) घरात पडून होता, म्हणून आधी तोच दिला. पण तो फिरू लागला की मुलाची नजर त्याच्यावरच खिळते आणि फळा राहतो बाजूला. पॉप-इटच्या (बुडबुडे दाबत बसायच्या रबरी खेळण्याच्या) टकटकीला बाईंनी दोन दिवसांत हरकत घेतली (तीस मुलांच्या वर्गात मीही घेतली असती). थेरपी पुट्टी (हाताने मळायचा मऊ, चिवट गोळा) घरी उत्तम चालली, शाळेत मात्र ती वहीच्या पानांना आणि एकदा पुढच्या बाकावरील मुलीच्या वेणीला चिकटली. आतापर्यंत साधलेली युक्ती एकच : बाकाच्या खालच्या बाजूला चिकटवलेली वेल्क्रोची खरखरीत पट्टी, जिच्यावर बोट फिरत राहते आणि डोळे मोकळे राहतात. परंतु दर महिन्याला मुलांच्या जागा बदलतात.

खिशात मावेल, न पाहता हाताळता येईल आणि मुळीच आवाज करणार नाही, अशी वस्तू कोणी वापरली आहे का? तो वस्तू तोंडात घालतो, त्यामुळे चुंबकाचे मणी नकोतच. एकाहून अधिक चुंबके पोटात गेली, तर ती आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना ओढून भोक पाडू शकतात. बटन सेलवर चालणारी दिव्यांची खेळणीही नकोत. कॉलरऐवजी चावण्यासाठी सिलिकॉनचे पदक घेतलेल्या पालकांनी ते किती टिकले, शाळेच्या दिवसात ते स्वच्छ कसे ठेवले, हे कृपया सविस्तर लिहावे.

खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे असले, तरी ऑनलाइन चित्रांत ते नीट दिसत नाही आणि पकड किती घट्ट आहे हेही कळत नाही. त्यामुळे ठाणे, ऐरोली किंवा वाशी येथे अशा वस्तू हातात घेऊन पाहता येतील असे दुकान माहीत असल्यास अवश्य सांगावे.