व्यायाम तिसऱ्या आठवड्याच्या पुढे जातच नाही, तुम्ही कसं टिकवता?

जळगावकर_34:
नमस्कार मंडळी. वय 34, बैठं काम, पोट पुढे. आतापर्यंत दोनदा जिमची वर्षाची फी भरली, दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात कार्यक्रम आटोपला. यावेळी दिवाळीनंतर मेहरूण तलावावर चालायला जायला लागलो, थंडी होती, मजा यायची, पंधरा-सोळा दिवस एक नंबर गेले आणि मग भरीत पार्ट्या सुरू झाल्या, एका शनिवारी शेतात रात्री एकपर्यंत बसलो, रविवारी उठलोच नाही, सोमवारी वाटलं खंड पडलाच आहे तर आता एक तारखेपासून नव्याने करू. ती एक तारीख अजून आली नाही. बायको म्हणते शूज तरी कोणाला देऊन टाका. पुढे उन्हाळा आहेच, मे मध्ये पारा 45 ला टेकला की कोण चालणार? मोटिव्हेशन आणता कुठून?

भुसावळ_शिफ्टवाला:
मोटिव्हेशन बिटिव्हेशन काही नसतं भो. माझी ड्युटी कधी रात्रीची कधी दिवसाची, रोज सकाळी साडेपाच वगैरे आपल्या नशिबात नाही. म्हणून घड्याळच सोडलं. ड्युटीवरून आलो की डबा मोरीत ठेवायचा आणि कपडे बदलायच्या आधी 20 बैठका, 10 जोर, बास. एकदा का चहा घेऊन खाटेवर टेकलो की संपलं, हे शंभर वेळा झालंय. आता डबा ठेवला की पाय आपोआप वाकतात.

जळगावकर_34:
20 बैठकांनी पोट जाणार आहे का पण?

भुसावळ_शिफ्टवाला:
नाही जाणार. तुमच्या दोन वर्षांच्या फीने गेलं का?

देवपूरची_ताई:
😀 दादा, मी धुळ्याची. एकटी असते तर मी पण गादीतच असते. शेजारच्या काकू पावणेसहाला दार वाजवतात, "काय वं, उठनी का नही?", आणि काकूंना परत पाठवायची हिंमत आपल्यात नाही. त्या मात्र म्हणतात मी तुझ्यामुळे उठते. कोणीतरी बाहेर उभं आहे म्हटल्यावर माणूस जातोच. उन्हाळ्यात आम्ही पाचलाच निघतो, सव्वासहाला घरात, आणि लाही लाही होत असेल तर सरळ गच्चीवर किंवा हॉलमध्ये. मे मध्ये डिसेंबरइतकंच चालायचं हा हट्ट धरलात तर सुटणारच.

अमळनेर_रिटायर्ड:
तुमची चूक रविवारी नाही, सोमवारी झाली. 2009 साली लंडनच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांचा सवयींवरचा अभ्यास आला होता, 96 माणसं होती. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कोणाला 18 तर कोणाला 254 चा अंदाज निघाला, म्हणजे ते 21 दिवसांचं जे सगळीकडे फिरतं ते विसरा. त्यात असंही दिसलं की एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं बिघडत नाही. तुम्ही सोळाव्या दिवशी स्वतःला नापास करून मोकळे झालात! जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, वर दोन दिवस स्नायूंचा. आधी सलग 10 मिनिटं तरी हवीत अशी अट होती, 2020 मध्ये ती पण काढली. म्हणजे बाजारात पायी गेलात, भरभर चाललात, तरी मोजा. मी स्वतः कॅलेंडरवर फुली मारतो, लागोपाठ दोन दिवस कोरे सोडायचे नाहीत एवढाच नियम. मागच्या महिन्यात तोही दोनदा मोडला, गुडघ्याने.

जळगावकर_34:
सर, सोमवारचं बरोबर पकडलंत. ऑफिसातला एक जण तलावाजवळच राहतो, त्याला आत्ताच मेसेज टाकला, उद्या सहाला गेटवर. त्याचा रिप्लाय: "शनिवारी भरीत आहे, रविवारी किती वाजता?" मी आठ सांगितलं.

देवपूरची_ताई:
आठ चालेल, पण त्याच्या दारात जाऊन उभे राहा. मेसेजवर विश्वास ठेवू नका.