"नेवाडा मोकळा पडलाय, चला" म्हणणाऱ्यांसाठी

वेगासचा_जुना_पापी

परवा एका सद्गृहस्थांनी (नाव घेत नाही, आयडी खाडीकर) बे एरियातल्या (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) मराठी मंडळींना आवतण दिलंय. नेवाडात या, स्टेट टॅक्स (म्हणजे राज्याचा इन्कम टॅक्स) शून्य, तिकडच्या सनीवेलमधल्या कॉन्डोच्या पैशात पूलवालं चार बेडरूमचं घर, मागे हिरवंगार लॉन, आणि "बाकी नुसती मोकळी जागाच आहे, दहा कुटुंबं आली तर आख्खी गल्ली आपली". दोन दिवस गप्प बसलो, आता नाही बसवत.

मोकळी जागा! अहो त्या मोकळ्या जागेतली जवळजवळ ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे, तिथे कुणी प्लॉट पाडून बसलेलं नाही तुमच्यासाठी. २०२०च्या जनगणनेत अख्ख्या राज्यात ३१ लाख माणसं, त्यातली साडेबावीस लाखांच्या वर एकट्या क्लार्क काउंटीत, म्हणजे वेगासच्या जिल्ह्यात. म्हणजे विरळ वस्ती नकाशावर, प्रत्यक्षात आम्ही सगळे डोंगरांच्या मधल्या एका परातीत.

मी १९९९ला वेगासला लागून असलेल्या हेंडरसनला आलो, स्लॉट मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये होतो, घरामागे खडक आणि सरडे. २००८च्या मंदीत किंमत अर्ध्याच्याही खाली गेली, गल्लीतली चार घरं बँकेने ओढली, मी हप्ते भरत राहिलो. तेव्हा कुणाला नव्हती आठवली ही मोकळी जागा. आता तुम्ही कॅश घेऊन येता, बोली वीस-तीस हजाराने वर नेता, आणि इथे हॉटेलात बेड घालणाऱ्या बाईला भाड्याचं घर मिळत नाही. शिवाय टॅक्स नाही तर शाळा आणि दवाखाने कशावर चालतात याचा विचार केलाय? वेगासमधला जुना जोक आहे, चांगला डॉक्टर कुठे मिळतो? विमानतळावर. बायकोच्या थायरॉइडसाठी साडेचार महिने वाट बघितली, म्हणून मला त्यावर हसू येत नाही.

खाडीकर

नाव घेत नाही म्हणून आयडी लिहिलात, छान. काका, एकच विचारतो, १९९९ला तुम्ही काय वेगासमध्ये जन्मलात का? तुम्हीही बाहेरूनच आलात ना? आपण आत शिरलो की दार लावून घ्यायचं ही आपली लोकलच्या डब्यातली सवय, ठाण्याला लोंबकळत चढायचं आणि मुलुंडला ओरडायचं "जागा नाही, पुढचा डबा बघा".

माझं सांगतो. दोन बेडरूमचा कॉन्डो, आम्ही चौघं आणि सहा महिने आई-बाबा. बाबा गुडघ्यामुळे जिने उतरत नाहीत, म्हणजे अमेरिकेत येऊन गॅलरीतून पार्किंग बघतात. मला तळमजल्यावर एक खोली हवीय, बस. ती मला सनीवेलमध्ये या जन्मात परवडणार नाही.

कर_नाही_त्याला_डर_कशाला

घर-बिर ठीक आहे, पण "स्टेट टॅक्स शून्य" वाचून लोक उड्या मारतात म्हणून लिहितोय. आरएसयू (कंपनी पगाराबरोबर देते ते शेअर) कॅलिफोर्नियात असताना मिळालेले असतील तर नेवाडात जाऊन व्हेस्ट झाले, म्हणजे हातात पडले, तरी तिथे काम केलेल्या दिवसांच्या हिशोबाने कॅलिफोर्निया आपला वाटा मागतंच. महिन्यातून आठवडाभर तिकडच्या ऑफिसला जाणार असाल तर त्या दिवसांच्या पगारावरही. आणि नुसतं लायसन्स बदलून, बायका-मुलं तिकडेच ठेवून "मी आता नेवाडाचा" म्हणणाऱ्यांनी गिल्बर्ट हायट या संशोधकांची केस वाचावी. १९९१ला वेगासला आले, कॅलिफोर्नियाचे टॅक्सवाले म्हणाले तुम्ही सांगता त्या तारखेला आलाच नव्हतात, त्यांनी घराचा कचरासुद्धा चाळला असा आरोप होता. हायटनी उलट दावा ठोकला, प्रकरण तीनदा सुप्रीम कोर्टात गेलं, शेवटचं २०१९ला. तुमच्याकडे तेवढं आयुष्य शिल्लक आहे का बघा.

चंद्रपूरचा_वाघ

आणि उन्हाचं कोणी बोलेना. जुलै २०२४ला वेगासला ४८.९ अंश झालं, रेकॉर्ड. आमच्याकडे ४७ला लग्नाच्या पंगती उठतात म्हणा, त्यामुळे मला काय.

लातूरकर_मुपो_वेगास

मला त्या सगळ्याशी घेणं नाही, माझ्या डोक्यात एकच शब्द अडकलाय, "हिरवंगार लॉन". एप्रिल २०१६ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, लोक बघायला स्टेशनवर गेले होते, माझी आईसुद्धा. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांना पाणी विचारायचे पण ग्लास अर्धाच भरायचे. आणि तुम्ही वाळवंटात येऊन गवताला पाणी पाजणार, का तर फोटो छान येतो.

इथलं जवळजवळ ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, लेक मीडमधून. २०२२च्या जुलैत तळं इतकं उतरलं की १९३०च्या दशकात भरल्यापासून एवढं खाली गेलंच नव्हतं, काठाला पांढरा पट्टा दिसतो तो अजून आहे, जाऊन बघा. नेवाडाच्या वाट्याला वर्षाला फक्त तीन लाख एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील ते पाणी एक एकर-फूट), कॅलिफोर्नियाला ४४ लाख. तिकडून भरल्या ताटावरून उठून आमच्या वाटीत हात घालायला येताय.

खाडीकर

ताई, आकडे तुम्हीच काढलेत म्हणून, त्या ४४ लाखांतले ३१ लाख एकर-फूट एकट्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीच्या शेतीचे, म्हणजे तुमच्या आख्ख्या नेवाडाच्या दहापट. तिथे लसूणघास पिकतो, गुरांना. माझ्या आंघोळीने लेक मीड आटत नाही. उलट वेगासच्या घरातलं सांडपाणी शुद्ध होऊन परत तळ्यात जातं आणि तेवढं जास्तीचं उचलायची मुभा मिळते, हे तुम्हाला माहीत असणारच. आणि राग येणार असेल तरी बोलतो, लातूरलाही गाडीने पाणी आलं तेव्हा आजूबाजूला ऊस उभाच होता ना? तिथे कोण गवताला पाणी पाजत होतं? ऊस म्हणजे गवतच, उंच असतं एवढंच.

लातूरकर_मुपो_वेगास

झालं, आलात उसावर! पुण्या-मुंबईच्या माणसाला मराठवाडा म्हटलं की ऊसच दिसतो. दादा, उसाला कारखाना बिल देतो, उशिरा देतो पण देतो. तूर विकायला नेली की भाव पडलेला. माझ्या वडिलांनी दोन एकर ऊस लावला त्यावर माझं इंजिनीअरिंग झालं, आणि बोअर आटलं तेव्हा २०१२ला तो त्यांनीच मोडला, मोडताना माणूस कसा दिसतो ते तुम्ही बघितलेलं नाही. पोटासाठी लावलेला ऊस आणि फोटोसाठी लावलेलं लॉन एका मापाने मोजता? लाज वाटली पाहिजे.

कोल्हापुरी_गूळ

उसाचं नाव निघालं म्हणून आलो. पाणी ऊस पीत नाही, मोकाट पाट सोडणारा शेतकरी पितो. ठिबक करा, मग बोला.

लातूरकर_मुपो_वेगास

पंचगंगेच्या काठावर बसून आम्हाला ठिबक शिकवू नका. ठिबकच्या नळ्यातून यायला आधी विहिरीत पाणी लागतं.

कोल्हापुरी_गूळ

नदी आमची असली म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी पूरही आमचाच, तो घेऊन जा की. २०१९ला छपरावर बसलो होतो.

एल्कोची_भूशास्त्री

ऊस संपला असेल तर बोलू का? पहिलं म्हणजे "नेवाडा" नाही, "नेव्हॅडा". तुम्ही सगळे वेगासवाले वीस वर्षं राहून चुकीचं म्हणता, इथे खाणीतल्या लोकांसमोर एकदा म्हणून बघा.

दुसरं, वेगास म्हणजे राज्य नव्हे. मी राज्याच्या ईशान्येला एल्कोत सोन्याच्या खाणीवर काम करते, वस्ती वीस हजार, आमच्या लेखी हे शहर. एस्मेराल्डा काउंटीत २०२०ला ७२९ माणसं होती, आमच्या पुण्यातल्या सोसायटीत जास्त होती. खाडीकरांना खरंच मोकळी जागा हवी तर इकडे या, हिवाळ्यात बर्फ, आणि लेकाचे कान दाखवायला शेजारच्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीपर्यंत साडेतीन तास गाडी. कोणी येत नाही. सगळ्यांना मोकळी जागा हवी असते ती भारतीय किराण्यापासून दहा मिनिटांवर.

आणि जुने पापी काका, तुम्ही नवीन लोकांवर चिडता, पण वेगासने १९८९ला आमच्या बाजूच्या स्प्रिंग व्हॅली, स्नेक व्हॅलीतलं जमिनीखालचं पाणी पाइपलाइनने न्यायचा घाट घातला होता. इथले रँचवाले आणि आदिवासी जमाती तीस वर्षं लढले तेव्हा २०२०ला तो सोडला. आमच्या हिशोबाने उपरे तुम्हीच.

वेगासचा_जुना_पापी

पाइपलाइनचं मान्य. ते चूकच होतं. (झालं समाधान?)

लॉनबद्दल खाडीकरांना नियम सांगतो, भांडत नाही. नवीन घरांना पुढच्या अंगणात लॉन लावता येत नाही हे कितीतरी वर्षांपासून आहे. २०२१च्या कायद्याने ऑफिसं, रस्त्यांचे दुभाजक, सोसायट्यांच्या सामायिक जागा इथलं शोभेचं गवत २०२७पासून नदीच्या पाण्यावर ठेवता येणार नाही. आधीपासूनच्या घराच्या परसातलं सुटलंय. पण ते उपटलंत तर पाणी खात्याकडून चौरस फुटाच्या हिशोबाने पैसे मिळतात, मी माझं २००६ला उपटलं, आता तिथे खडी आणि एक डाळिंब आहे, बरं येतं. घरातलं पाणी परत तळ्यात जातं हे तुमचं बरोबर, अंगणातलं जातं ते आकाशात. नवीन पूलही ६०० चौरस फुटांच्या वर बांधू देत नाहीत, तुमचे दहा कुटुंबांचे डोहाळे त्यात मावतील का ते बघा.

खाडीकर

बरं बाबा, लॉन कॅन्सल. पूल पण कॅन्सल. बाबांना खडी बघायला लावतो, पार्किंगपेक्षा बरी. तळमजल्यावर खोली मात्र घेणारच, कोणाला काय बोलायचं ते बोला. पुढच्या शनिवारी हेंडरसनला दोन घरं बघायला येतोय. डाळिंब बघायला येऊ का?

वेगासचा_जुना_पापी

या. जेवायलाच या. फक्त रविवारी दुपारी परत निघू नका, अख्खं दक्षिण कॅलिफोर्निया त्याच वेळी घरी जायला निघतं, राज्याच्या सीमेवरच्या प्रिमपासून गाड्या मुंगीच्या चालीने. पहाटे निघा. आणि येताना सनीवेलहून चितळ्यांची बाकरवडी मिळते ती दोन पाकिटं आणा, इथे आली की दोन दिवसात संपते, तुम्हीच लोक संपवता.

लातूरकर_मुपो_वेगास

उसाचं मी विसरलेली नाहीये.